जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा पक्ष

हरिप्रियानं अमेरिकेहून जे पाठवलं ते नेमकं काय आहे, हे घरात कुणालाच कळलं नाही. घरात होतेच दोघं. तिचे वडील अनिरुद्धराव, पापनाशम स्टेशनच्या मालधक्क्यावरून नुकतेच रिटायर झालेले, आणि आई भवानी, जिनं मुलींच्या शाळेत अख्खी नोकरी गणित शिकवण्यात घालवली होती. तंजावुरात राजवाड्यामागच्या जुन्या मराठी घरांच्या गल्लीत त्यांचं घर. हरिप्रियाची एक मैत्रीण सुट्टीवर आली, पिशवी देऊन गेली. पिशवीत निळ्या प्लास्टिकचं एक कडं होतं, जेवायच्या ताटाएवढं, आणि त्याच्या कडेवर ओळीनं उभ्या खुंट्या. बरोबर एक आकडा होता, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा.

"शेवया वाळवायचं असेल," अनिरुद्धराव म्हणाले.

भवानीला ते ऐकू गेलं नाही. अनिरुद्धरावांचं बोलणं सहसा कुणालाच ऐकू जात नसे. आवाज मुळातच बारीक, त्यात जन्म गेला मालगाड्यांच्या शेजारी. तिथे ते जे बोलत ते गाडीबरोबर पुढच्या स्टेशनला निघून जाई. भवानीनं कडं उलटं ठेवून त्यावर सांबाराचं पातेलं ठेवून पाहिलं. पातेलं कलंडलं.

रविवारी सकाळी ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेली आणि मुलीला फोन लावला. बूथचा मालक सतीशकुमार, तिचाच जुना विद्यार्थी, शिकवणीला यायचा.

"अम्मा, ते विणायचं आहे," पलीकडून हरिप्रिया म्हणाली. "गोल माग म्हणतात. स्कार्फ होतो त्यावर. तुज वेळ जात नाही म्हणून पाठवलं."

"सांग कसं ते."

लाइन खरखरत होती. हरिप्रिया एक वाक्य सांगे, भवानी ते वर्गात सांगावं तसं मोठ्यानं पुन्हा म्हणे. एका हातात फोन आणि दुसरा कानावर, त्यामुळे करून पाहायला हात मोकळा नव्हता. सतीशकुमारनं कडं स्वतःकडे ओढून घेतलं. लोकर नव्हती, पण टेबलावर मोगऱ्याच्या गजऱ्याचा दोरा होता.

"प्रत्येक खुंटीला वेढा द्यायचा," भवानी ओरडली. सतीशकुमारनं वेढा दिला. "गोल फिरून आलं की पुन्हा एकदा. आता खुंटीवर दोन फास. खालचा आकड्यानं उचलायचा, वरच्याच्या डोक्यावरून आत टाकायचा." सतीशकुमारनं टाकला. फोन करायला आलेले दोघेतिघे गिऱ्हाईक वाकून पाहू लागले. कड्याच्या पोटातून दोऱ्याची जाळीदार नळी खाली उतरायला लागली तेव्हा त्यातल्या एकानं आपला फोन राहू दिला आणि म्हणाला, "मला एकदा करू द्या."

अशा रीतीनं आमच्या गल्लीत पहिलं विणकाम एका फोनवाल्यानं केलं, आणि त्याच्याकडून बाई शिकल्या.

मग लोकर शोधायची वेळ आली. तंजावुरात लोकर घेतं कोण? शाळेच्या मुलींना शिवणाच्या तासाला लागते, तेवढीच. त्या सामानाचं एक दुकान होतं. दुकानदारानं हात झाडले.

"लाल गेली, काळी गेली, हिरवी गेली, पांढरीसुद्धा गेली. निवडणूक आहे ना, अम्मा."

"लोकरीला निवडणूक कसली?"

"तोरणं, झुपके, हारांचे गोंडे. कितीतरी वर्षांनी नगरपालिकेची निवडणूक होतेय. सगळे पक्ष आपापले रंग उचलून गेले. जांभळी आणि पिवळी उरली आहे. ती कुणाचीच नाही."

भवानीनं जांभळी आणि पिवळी घेतली. घरी येऊन तिण्णैवर, म्हणजे दारासमोरच्या ओट्यावर, बसून विणायला सुरुवात केली. एक पट्टा जांभळा, एक पिवळा. सगळे पट्टे सारखे, कारण कमीजास्त पट्टा तिला खपलाच नसता. एखादा फास चुकला की ती पूर्ण पट्टा उसवी. कुठे थांबायचं हे मात्र फोनवर विचारायचं राहिलं होतं, म्हणून लोकर संपेपर्यंत ती विणत राहिली. सरतेशेवटी सगळ्या खुंट्यांवरचे फास एका दोऱ्यात ओवून तिनं तोंड आवळलं. स्कार्फ तयार झाला. गळ्याभोवती एक वेढा घेऊन दोन्ही टोकं अनिरुद्धरावांच्या गुडघ्यांपर्यंत येत होती.

"हा नमुन्याचा," ती म्हणाली. "जावयाला दुसरा करीन. हा तुम्ही घाला. सकाळी खोकता तुम्ही."

"भवानी, ऊन केवढं आहे."

"काय?"

"काही नाही," अनिरुद्धराव म्हणाले.

आमच्या मुलखात पुरुषाच्या खांद्यावर काय आहे ते आधी बघतात, मग तोंड. खांद्यावरच्या पंच्याला तुंडु म्हणतात आणि त्याच्या किनारीवरून माणूस कुठल्या पक्षाचा ते कळतं. निवडणुकीच्या दिवसांत तर साध्या पंच्यानं घाम पुसायचीही चोरी. कुणीतरी विचारणार, तुम्ही पक्ष सोडलात की काय. अशा दिवसांत अनिरुद्धराव गळ्यात जांभळे-पिवळे पट्टे घालून बसस्टँडवर गेले. पापनाशमला पेन्शनचं काहीतरी काम होतं.

बस भरलेली होती. कंडक्टरनं त्यांना पाहिलं, स्कार्फ पाहिला, आणि ड्रायव्हरमागच्या बाकावरच्या एका माणसाला उठवलं. "बसा, ऐया." अनिरुद्धरावांना वाटलं, आपण फार आजारी दिसतो. ते बसले. शेजारच्या माणसानं थोडा वेळ धीर धरला, मग विचारलं.

"हा कुठला, ऐया?"

त्याला पक्ष म्हणायचं होतं. अनिरुद्धरावांना वाटलं तो स्कार्फबद्दल विचारतोय. "घरचा," ते म्हणाले.

"घरचा पक्ष," तो माणूस मागे वळून मोठ्यानं म्हणाला. बसमध्ये कुजबुज झाली. मागून एकानं विचारलं, "नवा आहे का?"

"नवाच," अनिरुद्धराव म्हणाले. "कालच झाला."

"पुढारी कोण?"

आता त्यांना शंका आली, पण इंजिन घुरघुरत होतं. "अहो, हे माझ्या बायकोनं केलंय," असं ते म्हणाले. शेजाऱ्याला त्यातला 'बायको' एवढाच शब्द ऐकू आला. त्यानं मान हलवली. पुढारी बाई आहे हे त्याला पटण्यासारखं वाटलं. "घरचा पक्ष, बाईंचा," त्यानं मागे कळवलं. बस पापनाशमला पोचली तोवर पक्षाला महिलांचा पाठिंबा मिळालेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात धनलक्ष्मी आली. ती कालव्याकडच्या वस्तीत राहायची, इडल्या विकायची. आजवर ह्या घराशी तिचा संबंध इडलीपुरताच होता.

"ऐया, आमच्या नळाला पाणी नाही. उन्हाळ्यापासून नाही. त्या ऑफिसात गेलं की उद्या या म्हणतात. तुम्ही चला."

"मी येऊन काय करणार?" अनिरुद्धराव म्हणाले. पण धनलक्ष्मी वाट बघत उभी राहिली आणि कुणाला नाही म्हणायचं त्यांना कधी जमलं नव्हतं. ते चप्पल घालू लागले तसा भवानीनं आतून स्कार्फ आणून त्यांच्या गळ्यात अडकवला. "वारा आहे," ती म्हणाली. वारा नव्हता.

पाण्याच्या ऑफिसातला साहेब त्यांना पाहून अर्धा उठला. खुर्ची आली. कापी, म्हणजे कॉफी, आली. साहेबाची नजर पट्ट्यांवर फिरत होती आणि तो मनातल्या मनात सगळ्या पक्षांच्या किनारी आठवून पाहत होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हे कोण, कुणाबरोबर आहेत, निवडून आले तर काय, कशाचाच पत्ता लागत नव्हता. माहीत असलेल्या पक्षाला कसं टाळायचं ते त्याला येत होतं, ह्याला कसं टाळायचं ते नाही.

अनिरुद्धराव नळाबद्दल बोलले. नेहमीच्याच आवाजात बोलले. पण साहेब पुढे वाकला. त्यानं पंखा बंद करायला सांगितला. शिपायाला दार लोटायला लावलं. आपण बोलताना कुणीतरी पंखा बंद करतंय, हे अनिरुद्धरावांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. नळाचं बोलून झाल्यावर त्यांनी वस्तीकडच्या दिव्याबद्दलही सांगितलं. तो दिवा त्यांनी पाहिलेलाही नव्हता.

संध्याकाळी नळाला पाणी आलं.

मग रोज कुणी ना कुणी येऊ लागलं. अनिरुद्धराव रोज स्कार्फ गुंडाळून कुठल्या ना कुठल्या ऑफिसात जाऊ लागले. मानेला पुरळ उठलं, तरी ते जात. सतीशकुमारनं बूथमध्ये विणायला घेतलंच होतं; तो एक आखूड स्कार्फ घालून बसू लागला आणि विचारलं तर म्हणे, "मी संस्थापकांपैकी आहे." भवानीला ह्या सगळ्याचं फारसं काही वाटत नव्हतं. नवरा घराबाहेर पडतो आहे आणि माणसं येताहेत, ह्यात तिला तक्रार करण्यासारखं काही दिसलं नाही. जावयाचा स्कार्फ विणायचा होता. दुकानदारानं तंजावूरभर शोधून जांभळी आणि पिवळीच आणून दिली होती, पक्षासाठी म्हणून.

निवडणूक जवळ आली तशी एका सकाळी दोन मोठ्या पक्षांच्या आघाडीची दोन माणसं आली. पांढऱ्याशुभ्र वेष्टी, म्हणजे लुंग्या, आणि सदरे, खांद्यावर आपापल्या किनारीचे पंचे. त्यांतला मोठा राममूर्ती, गावातल्या तांदळाच्या गिरणीचा मालक. दोघं तिण्णैवर टेकले. भवानी खांबाला टेकून विणत होती. समोर अनिरुद्धराव उभे.

राममूर्तींनी अनिरुद्धरावांना नमस्कार केला, पण बोलायला सुरुवात केली ती भवानीकडे पाहून. पुढारी बाई आहेत हे त्यांना पापनाशमवरूनच कळलं होतं.

"अम्मा, आपण वेगळं लढण्यात अर्थ नाही. तुमचं काय म्हणणं आहे?"

नेमका त्याच वेळी भवानीचा आकडा निसटला आणि ओळीनं काही खुंट्यांवरचे फास सुटले. तिनं बोटानं मोजले. वर न पाहता ती तमिळमध्ये म्हणाली, "आठ."

राममूर्तींनी सोबत्याकडे पाहिलं. "आठ वॉर्ड जास्त होतात, अम्मा."

"जास्त कसले. आठ माझ्या हातातले गेलेत. आठही परत आणणार."

"चारांवर जमवून घेऊ."

"चार धरले आणि चार सोडले तर सगळंच उसवतं," भवानी म्हणाली. आपण हे समजावून कुणाला सांगतो आहोत ह्याचं तिला भान नव्हतं, शाळेची सवय. "एक जरी खाली राहिला तरी वरचं काही टिकत नाही. मी पूर्ण उसवते मग. मागेपुढे बघत नाही."

राममूर्तींनी खांद्यावरचा पंचा सावरला. इतक्या शांतपणे दिलेली धमकी त्यांनी आघाडीच्या राजकारणात ऐकली नव्हती.

"अहो, ती खुंट्यांबद्दल बोलतेय," अनिरुद्धराव म्हणाले.

"काय?" दोघांनी विचारलं.

अनिरुद्धराव पुन्हा बोलणार तेवढ्यात भवानीनं मान वर केली. "कापी घेता?" दोघं एकदम उठले. विचार करून कळवतो म्हणाले आणि मोटारीत बसून गेले.

"कोण होते?" भवानीनं विचारलं.

"आठ वॉर्ड देत नाहीत म्हणाले."

"मज काय करायचेत वॉर्ड?" ती म्हणाली आणि खाली वाकून फास उचलू लागली.

त्यानंतर दोनच दिवसांनी तिनं स्कार्फ धुवायला घेतला. घामानं त्याला वास मारायला लागला होता. आतून पोकळ, दुहेरी नळी ती. पिळली तरी पाणी गळतच राहिलं. घरासमोर दोरी बांधून तिनं तो वाळत घातला.

नेमकं त्याच दिवशी अनिरुद्धरावांना स्वतःचं काम निघालं. दारापुढच्या गटारावरची फरशी फुटली होती आणि आदल्या दिवशी भवानीचा पाय त्यात गेला होता. एरवी दुसऱ्यांची कामं करतो, आज आपलं करू, असं म्हणून ते तसेच, मोकळ्या मानेनं निघाले.

ऑफिसात तोच साहेब होता. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं. अनिरुद्धराव बोलू लागले. पंखा चालू होता.

"काय?" साहेब म्हणाला.

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"बाहेर थांबा."

ते बाहेर थांबले. मग कुणीतरी म्हणालं, उद्या या. पंखा बंद करणारा शिपाई त्यांच्या अंगावरून दोनदा गेला, पण त्यानं ओळखलं नाही. आपण रागावलोय का हे अनिरुद्धरावांनी चालता चालता तपासून पाहिलं. राग नव्हता. एवढंच वाटलं, की इतके दिवस तो साहेब कुणाशी बोलत होता कोण जाणे. आपण तिथे नव्हतो हे नक्की.

गल्लीत शिरले तर घरासमोर माणसांची रांग. रांग दोरीपाशी संपत होती. पुढे उभी असलेली एक म्हातारी ओल्या स्कार्फला हात जोडून आपल्या रेशनच्या रॉकेलचं सांगत होती. सांगून झाल्यावर तिनं टोकाचं टपकणारं पाणी डोळ्यांना लावलं आणि बाजूला झाली. मग पुढचा आला. त्यानं बसथांब्याचं सांगितलं. तिण्णैवर बसलेली भवानी अधूनमधून म्हणत होती, "वाळू दे त्याला. वाळला की बघू." माणसांना ते उत्तर पुरत होतं. ऑफिसातल्या उत्तरापेक्षा ते नक्कीच बरं होतं.

अनिरुद्धराव क्षणभर उभे राहिले. मग ते रांगेच्या शेवटी जाऊन लागले. पुढच्या माणसानं वळून पाहिलं आणि पुन्हा समोर तोंड केलं.

ऊन चढलं. रांग सरकत होती. त्यांची पाळी आली तेव्हा मागे कुणी उरलं नव्हतं. समोर जांभळे-पिवळे पट्टे, आणि पट्ट्यांच्या पलीकडे, हातभर अंतरावर, विणत बसलेली भवानी. त्यांनी घसा साफ केला.

"गटारावरची फरशी फुटली आहे," त्यांनी स्कार्फला सांगितलं. "माझ्या बायकोचा पाय मुरगळला. ती कुणाला सांगत नाही, पण लंगडते."

भवानीचा आकडा थांबला.

"दुसरं," अनिरुद्धराव म्हणाले, "हा गळ्यात घातला की मान खाजते. पुरळ आलंय. मी हे सांगितलं, पण ऐकू गेलं नसावं. तिसरं असं की मज तो घालायला आवडायला लागला होता. लोक ऐकायचे. पण आज कळलं, ऐकत होते ते मला नाही. तेव्हा आता हा कुणीतरी दुसऱ्यानं घ्यावा. एवढंच होतं."

 भवानीनं कडं मांडीवरून खाली ठेवलं, दोरीपाशी आली, आणि स्कार्फ बाजूला सारून नवऱ्याच्या मानेकडे पाहिलं. कॉलर खाली ओढून नीट पाहिलं.

"केव्हापासून हे?"

"पापनाशमपासून."

"मोठ्यानं बोलायला काय होतं तुम्हांस?"

"मोठ्यानंच बोलतो मी, भवानी. माझं मोठं एवढंच आहे."

भवानीनं कॉलर सोडली. आत जाऊन खोबरेल तेलाची वाटी आणली आणि भर गल्लीत, दोरीखाली, त्यांच्या मानेला लावलं. दुसऱ्या दिवशी, लंगडत, वाळलेला स्कार्फ साडीवरून खांद्यावर टाकून ती त्या ऑफिसात गेली. पंखा बंद करायची गरज पडली नाही. तिचा आवाज बाहेरच्या सायकलस्टँडपर्यंत ऐकू आला. दुपारी फरशी बसली.

पुढचं फार झपाट्यानं झालं. त्यांचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. सतीशकुमारनं बाईंच्या नावानं अर्ज भरायची तयारी केली, धनलक्ष्मीनं वस्ती गोळा केली, आणि आघाडीनं घाबरून त्या वॉर्डात उमेदवारच दिला नाही. राममूर्ती नंतर कुणाला तरी म्हणाले, "आठ मागणारीला एक देऊन मोकळे झालो, स्वस्तात सुटलो." अपक्ष म्हणून उभी राहिलेली भवानी निवडून आली. भाषण तिनं एकच केलं. त्यात विहिरीत किती पाणी मावतं ते काढायची रीत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या सभेला ती कड्यासकट गेली. बाहेर पावसाची रिपरिप. अनिरुद्धरावांनी दिवसभर घर सांभाळलं, येणाऱ्याजाणाऱ्याला बसवलं. संध्याकाळी ती परत आली, छत्री मिटली आणि ओट्यावर बसली. त्यांनी कापी आणून दिली.

"झाली सभा?"

"झाली. काही ठरलं नाही."

"का?"

"मज कोठे बसवावं हेच ठरेना. हे आघाडीवाले म्हणाले आमच्यात बसा, ते समोरचे म्हणाले आमच्यात. मग हे म्हणाले, हिला तिकडे बसवलं तर आम्ही सभात्याग करू. तेही म्हणाले, करू. शेवटी दोन्हीकडचे सभात्याग करून गेले. मी एकटीच उरले."

"मग तू काय केलंस?"

"बसले विणत. शिपाई होता, त्याला लोकरीचा गुंडा धरायला लावला. जावयाचा स्कार्फ पुरा झाला."

तिनं पिशवीतून तो काढला. अनिरुद्धरावांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि मग ते हसायला लागले. आधी नेहमीसारखं, मनातल्या मनात. मग खांदे हलले, मग आवाज फुटला आणि हातातला स्कार्फ खाली ठेवावा लागला. समोरच्या घरातून वेंकूबाई दारात आली आणि पावसातून विचारू लागली, काय झालं, एवढं काय झालं तुमच्याकडे.